हेदवीच्या माथ्यावरचा जोडतारा: टाऊ बूटिसचं प्रकरण

वैशाख अमावास्येला रात्री पावणेअकराच्या सुमारास हेदवीच्या सड्यावर उताणं पडलं की सरळ वर एक साधासा तारा दिसतो. ठळक नाही, शहरातून तर दिसणारही नाही. पण आमच्या गावांसाठी त्याची जागा खास आहे. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, आज सुमारे १७ अंश २० कला उत्तर आहे आणि गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्याचे अक्षांशही जवळपास तेवढेच. त्यामुळे तो रोज आमच्या माथ्यावरून जातो, आणि माथ्यापासून पूर्ण चंद्राच्या बिंबाएवढंही अंतर सोडत नाही. मुंबईहून पाहिला तर तो थोडा दक्षिणेला राहतो, मालवणहून थोडा उत्तरेला. आमच्याकडे मात्र थेट डोक्यावर.

त्याचं नाव टाऊ बूटिस, तारकासमूह भूतप. शोधायचा तर सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे ओढत न्यावी, केशरी स्वाती लागते. स्वातीच्या पश्चिमेला पाच अंशांवर ईटा नावाचा बऱ्यापैकी ठळक तारा आहे, आणि त्याच्या पलीकडे दोन अंशांवर टाऊ. जवळच दक्षिणेला तांबूस उप्सिलॉन. तिघांचा लहानसा त्रिकोण होतो. टाऊची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ४.५, म्हणजे अंधाऱ्या सड्यावर नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारी.

गेले तीन उन्हाळे आम्ही हे एकच प्रकरण घेऊन बसलो आहोत. आम्ही म्हणजे गावातली आठ-दहा शाळकरी मुलं, माझ्यासारखे दोन शिक्षक आणि समुद्र सोडून घरी बसलेले एक तांडेल. दर सुट्टीत नवा तारा, नवा ग्रह असं करण्यापेक्षा एकच तारा पुरता समजून घ्यावा, असा माझा आग्रह होता. टाऊ निवडला, कारण त्याच्याभोवती गुरूच्या सहापट वजनाचा ग्रह फिरतो आणि तो ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचं वर्ष ३.३१ दिवसांत संपतं. दुसरं कारण म्हणजे टाऊ एकटा नाही. त्याला एक लाल, मंद जोडीदार तारा आहे. या जोडीदाराला सगळे बरीच वर्षं तळटीपेत ठेवत आले. तीन उन्हाळ्यांनंतर माझं मत असं झालं आहे की त्याला बाजूला ठेवून या ग्रहाची गोष्ट सांगताच येत नाही. हे लिहिण्याचं कारण तेच.

न दिसणारा ग्रह

पहिल्याच वर्षी मुलांचा प्रश्न आला: जो ग्रह कोणीच पाहिला नाही, तो आहे असं कसं म्हणायचं? मी वर्णपटाकडे वळणार, तेवढ्यात तांडेल म्हणाले, "मास्तर, अवसेला चांद कोन बगतो? पन पानी चुकत नाय."

यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. त्या रात्री चंद्र आकाशात नव्हताच, पण खाली बामणघळीत सव्वाअकराच्या आगेमागे उधाणाचं पाणी घुसून उसळतं, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. ओढणारा दिसत नाही, ओढ दिसते. आणि ओढीच्या वेळापत्रकावरून ओढणाऱ्याचं वेळापत्रक सांगता येतं.

टाऊच्या बाबतीत हेच झालं. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवती ४.२३ दिवसांत फिरणारा ग्रह जाहीर केला. तोवर असा 'तप्त गुरू', म्हणजे ताऱ्याला चिकटून फिरणारा गुरूसारखा मोठा ग्रह, फारसा कोणाच्या अपेक्षेत नव्हता. लगेच कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत पॉल बटलर, जेफ्री मार्सी आणि सहकाऱ्यांनी आपल्या जुन्या नोंदी उघडल्या, आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आणखी तीन तसलेच ग्रह मांडले. त्यांतला एक टाऊचा.

पद्धत अशी. ताऱ्याचा प्रकाश आयोडीनची वाफ भरलेल्या काचेच्या कुपीतून नेतात. आयोडीनच्या हजारो बारीक रेषा ताऱ्याच्या वर्णपटावर उमटतात आणि मोजपट्टीसारख्या उपयोगी पडतात. ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा किंचित आपल्याकडे येतो, किंचित दूर जातो, आणि त्याच्या रेषा मोजपट्टीच्या तुलनेत सरकतात. आपला गुरू सूर्याला सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर हलवतो, तेही बारा वर्षांच्या फेऱ्यात. टाऊ मात्र सेकंदाला ४६८ मीटर पुढेमागे होत होता, आणि तेही सव्वातीन दिवसांत. मोठी ओढ आहे, तरी तरंगलांबीत ती उमटते साडेसहा लाखांत एक भाग एवढीच.

इथे एक शंका रास्त आहे आणि ती विचारलीच पाहिजे. जोडताऱ्यात दोन ताऱ्यांचा प्रकाश एकमेकांत मिसळतो. रेषा सरकल्यासारख्या दिसल्या, त्या मिसळीमुळे तर नाहीत? अशी फसगत होऊ शकते. २००५ साली एचडी १८८७५३ या तिहेरी ताऱ्यात तप्त गुरू सापडल्याचं जाहीर झालं, आणि २००७ मध्ये दुसऱ्या गटाच्या मोजमापांत तो सापडला नाही. तिथे तारे फार जवळ आणि एकमेकांच्या तोडीचे होते. टाऊचा जोडीदार सुमारे अकराव्या प्रतीचा, म्हणजे मुख्य ताऱ्याहून शेकडो पट मंद. तो मिसळला तरी एवढा खेळ करू शकत नाही. शिवाय सव्वातीन दिवसांची लय नंतर अनेक दुर्बिणींनी पकडली. टाऊचा ग्रह पक्का.

त्याचं वजन मात्र पक्कं नव्हतं, आणि पुढची पंधरा वर्षं ते तसंच राहिलं. आपल्याला ताऱ्याचं फक्त जवळ येणं आणि दूर जाणं दिसतं, आडवं सरकणं दिसत नाही. कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे कळेपर्यंत ग्रहाचं किमान वजन तेवढं सांगता येतं. टाऊचं किमान वजन निघालं गुरूच्या चारपटीहून थोडं जास्त. ग्रह ताऱ्यासमोरून आडवा गेला असता तर कल लगेच कळला असता, पण टाऊच्या तेजात तशी खळ पडत नाही. १९९९ साली एका गटाने ग्रहावरून परतलेला प्रकाश पकडल्याचा दावा 'नेचर'मध्ये केला. तो खरा असता तर ग्रहाचं वजन गुरूच्या आठपटीच्या आसपास गेलं असतं. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला असा प्रकाश दिसला नव्हता, आणि पहिल्या गटाच्याही पुढच्या निरीक्षणांत तो टिकला नाही. मी हे मुलांना मुद्दाम सांगतो, कारण ज्यांनी दावा केला त्यांनीच पुढे अधिक निरीक्षणं करून तो तपासला.

दोन वेग, एक भागाकार

२०१२ साली प्रकरण फिरलं. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवर मातेओ ब्रोजी आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याच्या प्रकाशात ग्रहाच्या स्वतःच्या वातावरणाच्या रेषा शोधल्या. अवरक्त प्रकाशातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा. ताऱ्याच्या रेषा जवळपास स्थिर, हवेच्या तर अगदीच स्थिर, आणि त्यांच्यामधून एक अतिशय फिका नमुना काही तासांत भराभर सरकत जातो. तो ग्रहाचा. वेगाचा पल्ला निघाला सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर.

हे मी दरवर्षी फळ्यावर करून घेतो, कारण सातवीतल्या मुलाला जमेल असं हे गणित आहे. ग्रह ११० किलोमीटर वेगाने हलतो, तारा ०.४६८ किलोमीटर वेगाने. भागाकार २३५. म्हणजे तारा ग्रहाच्या २३५ पट जड. ताऱ्याचं वजन सूर्याच्या सुमारे १.३४ पट, सूर्य गुरूच्या १०४७ पट, म्हणून तारा गुरूच्या साधारण १४०० पट. चौदाशेला दोनशे पस्तीसने भागा: सहाच्या अगदी जवळ. प्रसिद्ध झालेला आकडा ५.९५.

आता उरला कल. कक्षेची त्रिज्या केप्लरच्या नियमाने येते सुमारे ७२ लाख किलोमीटर, म्हणजे बुध सूर्यापासून जेवढा दूर आहे त्याच्या आठव्या हिश्शाएवढी. तेवढ्या वर्तुळात ३.३१ दिवसांत फिरायचं तर खरा वेग सेकंदाला सुमारे १५८ किलोमीटर पडतो. आपल्याला त्यातले ११० दिसतात. गुणोत्तर ०.७, म्हणजे कल सुमारे ४४.५ अंश. पहिल्यांदा हे जुळलं त्या संध्याकाळी माझी आठवीतली पुतणी फळ्यापाशी बराच वेळ उभी होती. "काका, हे खरंच एवढंच आहे?" एवढंच आहे. अवघड आहे ते ११० मिळवणं.

ग्रहाच्या हवेत आणखी काय आहे यावर अजून एकमत नाही. २०१४ मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीवरून पाण्याची वाफ सापडल्याचं आलं. २०२१ मध्ये स्पायरू या उपकरणाने कार्बन मोनॉक्साइड स्पष्ट दाखवला, कार्बनचं प्रमाण आपल्या गुरूसारखं निघालं, पण पाणी अपेक्षेच्या मानाने फारच कमी. त्यानंतरच्या एका विश्लेषणात पाणी परत आलं. मी यात बाजू घेत नाही. दमट हवेच्या पृथ्वीवरून दुसऱ्या जगाची वाफ मोजणं किती कठीण असेल, हे मे महिन्यात भिंगावर दव पुसत बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

ताऱ्यावरची भरती

ग्रह एवढा जड आणि एवढा जवळ, म्हटल्यावर ताऱ्यावर भरती येणारच, पाण्याची नाही, तप्त वायूची. सूर्य स्वतःभोवती फिरायला साधारण २५ दिवस घेतो, टाऊ घेतो सुमारे ३.३. म्हणजे ग्रहाच्या वर्षाएवढेच. तारा आणि ग्रह एकमेकांकडे तोंड करून फिरताहेत असं वाटावं इतकी ही जुळणी आहे. चंद्र पृथ्वीला एकच बाजू दाखवतो, ती पृथ्वीने त्याच्यावर आणलेल्या भरतीमुळे. टाऊमध्ये ग्रहाने ताऱ्यालाच वळवलं असण्याची शक्यता आहे. थोडी सावधगिरी हवी: टाऊच्या जातीचे तारे मुळातच झपाट्याने फिरतात, त्यामुळे तो योगायोगाने जुळला असंही असू शकेल.

ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्रही विलक्षण आहे. सूर्याचे ध्रुव सुमारे अकरा वर्षांनी उलटतात. टाऊचे वर्षभरातच उलटलेले दिसले, आणि २०१८ च्या अभ्यासात पूर्ण चक्र सुमारे २४० दिवसांचं निघालं. २०२० च्या अखेरीस युरोपातल्या लोफार रेडिओ दुर्बिणीने या दिशेकडून आलेल्या मंद रेडिओ लहरींची बातमी दिली. ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राची ती पहिली खूण ठरली असती. नंतरच्या पाहणीत त्या पुन्हा मिळाल्या नाहीत.

भरतीच्या चर्चेत तांडेलांनी नेमका प्रश्न टाकला. सूर्य-चंद्र एका रेषेत आले की उधाण, काटकोनात गेले की भांग. मग तिकडे ग्रह आणि दुसरा तारा मिळून उधाण-भांग करत असतील का? आम्ही हिशोब मांडला. भरतीची ओढ वजनावर आणि अंतराच्या घनावर ठरते, म्हणून तर एवढा मोठा सूर्यही भरतीत चंद्राच्या निम्म्याहून कमीच भरतो. जोडीदार तारा ग्रहाहून ऐंशीपटीहून जास्त जड आहे खरा, पण सर्वांत जवळ आला तरी जवळपास सहाशे पट लांब. घन केला की त्याची ओढ ग्रहाच्या ओढीच्या दहा लाखांत एक भागही भरत नाही. आजच्या भरतीत जोडीदाराचा वाटा शून्य म्हणावा असा. त्याने जे केलं ते पूर्वी केलं.

जोडीदार

आम्ही तो पाहायचा प्रयत्न केला. आमच्याकडे डॉब्सन बैठकीची सहा इंची दुर्बीण आहे. माथ्यावरचा तारा हवेच्या सर्वांत पातळ थरातून दिसतो, म्हणून मला आशा होती. पण नेमकी माथ्यावर ही बैठक अडते: नळी सरळ उभी झाली की आडवी फिरवून तारा मध्यावर आणताच येत नाही. मग माथा ओलांडायच्या तासभर आधी पाहायचं ठरलं. तारा स्थिर, छान दिसला. जोडीदार दिसला नाही, आणि दिसणार नव्हताच. शतकाच्या सुरुवातीला तो मुख्य ताऱ्यापासून सुमारे तीन विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दूर होता, आता दोनच्या आसपास. शेकडो पट तेजस्वी ताऱ्याच्या झळाळीत तो बुडून जातो.

पण त्याचं सरकणं माणसं दीडशेहून जास्त वर्षं नोंदवत आली आहेत. दुर्बिणीला डोळा लावून, सूक्ष्ममापकाचे बारीक धागे दोन ठिपक्यांवर बसवून, अंतर आणि दिशा वहीत लिहून ठेवणारी माणसं. त्यांना ग्रहाची कल्पनाही नव्हती. २०१९ साली आंदर्स युस्टेसेन आणि सिमोन आल्ब्रेख्त यांनी त्या जुन्या नोंदी आणि ताऱ्याच्या वेगाची पंचवीस वर्षांची मोजमापं एकत्र केली आणि जोडीदाराची कक्षा बांधली. फेरा हजाराहून जास्त वर्षांचा, बहुधा दोन हजारांच्याही पुढचा, आणि हा आकडा अजून बराच सैल आहे. कक्षा अतिशय लांबुडकी. लांब जातो तेव्हा तो चारशे खगोलीय एककांपलीकडे असतो (एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर), जवळ येतो तेव्हा सुमारे २८ एककांवर, म्हणजे आपल्याकडे नेपच्यूनच्याही आत. सूर्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा तारा नेपच्यूनच्या आतून वळसा घालून जातो, हे डोळ्यांसमोर आणून पाहावं. मागचा वळसा शिवजन्माच्याही कितीतरी आधी झाला असावा. पुढचा आपल्याच काळात होतो आहे.

आता या कक्षेचा ग्रहाशी संबंध. एवढा मोठा ग्रह ताऱ्याला चिकटून जन्मत नाही, बाहेर बनून आत सरकतो, यावर बहुतेकांचं एकमत आहे. सरकण्याचे दोन मुख्य मार्ग सांगतात. एक शांत: तारा कोवळा असताना त्याच्याभोवती धूळ आणि वायूची चकती असते, ग्रह तिच्यातूनच हळूहळू आत येतो. दुसरा आडदांड: जोडीदार ताऱ्याची कक्षा ग्रहाच्या कक्षेशी चांगलीच तिरकी असेल, तर जोडीदार दूरूनच ओढून ग्रहाची कक्षा लांबुडकी करतो, ग्रह प्रत्येक फेरीत ताऱ्याला घासून जातो, आणि भरतीच्या घर्षणाने शेवटी जवळ गोल बसतो. जोडताऱ्यातला तप्त गुरू म्हटलं की दुसरी गोष्ट आपसूक पुढे येते. मलाही पहिल्या वर्षी तीच खरी वाटत होती, आणि मी मुलांना तसंच सांगितलं होतं.

पण ती गोष्ट तिरकेपणावर उभी आहे. युस्टेसेन-आल्ब्रेख्त यांच्या हिशोबात जोडीदाराच्या कक्षेचा कल आला सुमारे ४७ अंश, आणि ग्रहाचा चव्वेचाळीसच्या आसपास. दोन्ही जुळतात. कक्षा एका पातळीत असतील, तर जोडीदाराने ग्रहाला तिरकं ओढून आत ढकललं ही गोष्ट गळून पडते. उरतो चकतीचा शांत मार्ग.

आणि इथे जोडीदाराचं खरं काम दिसतं. तो दर फेऱ्याला २८ एककांपर्यंत येत असेल, तर कोवळ्या टाऊभोवतीची चकती मोठी राहूच शकली नसणार. बाहेरचा सगळा माल त्याने विस्कटून टाकला असणार. हिशोबाने चकती सुमारे सहा एककांवर छाटली जाते. आपला गुरू सूर्यापासून ५.२ एककांवर आहे, आणि त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या पलीकडे कितीतरी मोठं अंगण होतं. टाऊच्या ग्रहाला एवढंच परसू मिळालं, आणि तेवढ्यात तो गुरूच्या सहापट वाढला. माझ्या लेखी या प्रकरणातलं सर्वांत मोठं कोडं हे आहे, तीन दिवसांचं वर्ष नव्हे. तोकड्या चकतीत एवढा माल कुठून आला, आणि तो जोडीदाराच्या दोन वळशांमधल्या हजार-दोन हजार वर्षांच्या उसंतीत कसा जमत गेला, याचा विचार मी अजून करतो आहे.

'कल जुळतात' हे मी वर सहज लिहिलं, पण त्यात एक फट आहे, आणि ती मुलांना दाखवताना मला आमच्या घराचं छप्पर उपयोगी पडलं. कौलारू छपराची दोन पाखी घ्या. दोन्हींचा उतार सारखाच, आढ्यापासून पंचेचाळीस अंशांचा समजू. तोंडं मात्र एकाचं पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. नुसता उतार मोजून दोन्ही पाखी एका पातळीत आहेत असं कोणी म्हणणार नाही. जोडीदाराची कक्षा आकाशात प्रत्यक्ष दिसते, त्यामुळे तिचा उतारही कळतो आणि तोंडही. ग्रहाचा फक्त उतार कळला आहे. योगायोगाने उतार सारखा आणि तोंडं वेगळी असं असू शकतं. तशी शक्यता कमी आहे, कारण वेगवेगळ्या वाटांनी आलेले दोन आकडे इतके जवळ पडायला कारण लागतं. म्हणून मी चकतीच्या मार्गाच्या बाजूने आहे.

पुतणीने विचारलं की मग ग्रहाच्या पाख्याचं तोंड कधी कळेल. त्यासाठी ताऱ्याचं आडवं डुलणं मोजावं लागेल. ७२ लाख किलोमीटरला २३५ ने भागलं की ताऱ्याच्या डुलण्याची त्रिज्या येते, तीस हजार किलोमीटरच्या थोडी वर. तारा स्वतःच वीस लाख किलोमीटर रुंद. ५१ प्रकाशवर्षांवरून ते डुलणं म्हणजे एका विकलेचा सुमारे पंच्याहत्तर हजारावा भाग, तोही शेजारी दोन विकलांवर दुसरा तारा वळसा घेत असताना. तिने आकडा वहीत लिहून घेतला आणि खाली जागा कोरी ठेवली.